मेंदूची दुखापत आणि दीर्घकालीन पुनर्वसन

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील दगडमातीची घरे काही क्षणांत कोसळली. ती गावे पुन्हा उभी राहण्यास मात्र अनेक वर्षे लागली. नवे घर मिळाले म्हणजे संसार पूर्ववत झाला असे नव्हे, हा त्या अनुभवाचा बोध होय. मेंदूच्या दुखापतीलाही तो तंतोतंत लागू पडतो. टाके निघाले आणि रुग्ण घरी आला, म्हणजे तो बरा झाला असे नाही. खरे पुनर्वसन तेथून पुढे सुरू होते.

लातूर, अहमदपूर, लोहा व नांदेड यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ असो की गावाचा शीवरस्ता, दुचाकीचा अपघात हे डोक्याला मार बसण्याचे एक प्रमुख कारण आहे. झाडावरून किंवा माळवदावरून पडूनही अशी दुखापत होते.

पहिले काही तास

दुखापतीची तीव्रता हा पहिला घटक. डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांवरून ३ ते १५ गुण देणारी ग्लासगो श्रेणी १९७४ मध्ये मांडली गेली. आठ वा त्याहून कमी गुण असल्यास दुखापत गंभीर समजतात. परंतु मूळ आघाताइतकेच नुकसान त्यानंतर प्राणवायू कमी पडल्याने, रक्तदाब घसरल्याने व कवटीत रक्तस्राव वाढल्यानेही होऊ शकते. म्हणूनच १०८ क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करणे आणि जखमीची मान न हलवणे महत्त्वाचे आहे. मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. त्यामुळे पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने कोणी मागे राहू नये.

सुधारणेचे घटक

रुग्णाचे वय, स्मृती किती दिवस हरपली होती, पूर्वीचे आरोग्य, फेफरे, मद्यपान आणि पुन्हा डोक्याला मार बसणे यांवर पुढील सुधारणा अवलंबून असते. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत अधिक असला, तरी ती त्यानंतरही चालू राहते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात गंभीर दुखापतीच्या रुग्णांपैकी सुमारे निम्मे वर्षभरात घरात काही प्रमाणात स्वावलंबी झाल्याचे आढळले. यास्तव आरंभीच्या काही दिवसांत आशा सोडणे योग्य नव्हे.

न दिसणारे अपंगत्व

लुळा पडलेला हात सर्वांना दिसतो. विसराळूपणा, लवकर येणारा थकवा, चिडचिड व उदासी मात्र दिसत नाहीत. मग ‘हा आळशी झाला’, ‘बाहेरची बाधा झाली’ असे बोल रुग्णाच्या वाट्याला येतात. उपचार सुटतात, घरात कलह वाढतो आणि कमावता माणूस कोपऱ्यात बसतो. वस्तुतः हे बदल दुखापतीचेच परिणाम होत. ठरावीक दिनक्रम, एका वेळी एकच काम, लेखी टिपण, पुरेशी झोप आणि नियमित व्यायामोपचार व वाचोपचार यांचा लाभ होतो. फेफऱ्याची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करू नयेत. सेवा करणाऱ्या पत्नीस वा आईसही विश्रांती व आधार हवा, कारण तिचे बळ हाच रुग्णाचा आधार असतो.

शाळा व पंचायतीचे कर्तव्य

लहान मुलांमधील उणिवा कधी कधी वरच्या वर्गात अभ्यास वाढल्यावरच उघड होतात. अभ्यासाच्या कठोर शिस्तीसाठी लातूरचे नाव झाले आहे. तेथे अशा मुलास ‘ढ’ न ठरविता कमी तास, मधली विश्रांती व पुनरावृत्ती देणे हे शिक्षकांचे काम आहे. अपंगत्व कायम राहिल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये तपासणी करून प्रमाणपत्र मिळविता येते. नांदेड व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील फेरतपासणीस रुग्ण नियमित जातो की नाही, याची विचारपूस ग्रामपंचायत सदस्य व आशा कार्यकर्ती करू शकतात. दिव्यांगांसाठी राखावयाच्या स्वनिधीतील ५ टक्के रकमेचा विचार करताना या न दिसणाऱ्या अपंगत्वाचे स्मरण ठेवावे.

शस्त्रक्रिया रुग्णालयात होते, पुनर्वसन मात्र गावात होते. शेजाऱ्याने दिलेले हलके काम आणि शिक्षकाने दाखविलेला धीर हेही उपचारच होत.