घोडं कुठे पेंड खातंय ते आधी बघ

एसएसडी परत करायला दुकानात पळू नकोस. रास्पबेरी पायला नवीकोरी एसएसडी लावली, मेमरी कार्ड काढलं, वीज दिली आणि पडदा काळाच राहिला, की सगळा राग त्या एसएसडीवर निघतो. हे चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं आहे. खरा चोर बहुतेक वेळा दोघांपैकी एक असतो: वीज देणारा चार्जर, नाहीतर एसएसडीला यूएसबीशी जोडणारी ती केबल किंवा केसिंग. बाकीचे संशयित त्यांच्या मागून. मामा म्हणतो म्हणून मानू नकोस, तपासून बघ. तपासायची रीत तेवढी सांगतो.

'मामा, बूट होत नाहीये' एवढंच फोनवर सांगितलंस तर मला काही कळत नाही. गाडी कुठवर गेली आणि कुठे थांबली, ते सांग. पाय ४ किंवा पाय ५ चालू होतो तेव्हा आधी बोर्डावरच्या छोट्या चिपमधला बूटलोडर जागा होतो. तो यूएसबीवर ड्राइव्ह शोधतो, ड्राइव्हवरच्या पहिल्या लहानशा फॅट पार्टिशनमधून कर्नल उचलतो आणि कारभार त्याच्या हाती देतो. मग कर्नल त्याच ड्राइव्हला पुन्हा पहिल्यापासून ओळखतो आणि दुसरं, मोठं पार्टिशन रूट म्हणून जोडतो. म्हणजे एकाच ड्राइव्हची ओळखपरेड दोनदा होते, आणि दोन वेगळ्या अधिकाऱ्यांसमोर. पहिल्याने ओळखलं म्हणून दुसरा ओळखेलच असं नाही. इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन दिसतो, इंग्रजी ओळी भराभर सरकतात आणि मग सगळं ठप्प होतं, ते या दुसऱ्या परेडमध्ये.

म्हणून पहिलं काम, पडदा जोड. पाय नेहमी मॉनिटरशिवाय कोपऱ्यात चालवायचा असला, तरी तपासणीपुरता घरातला टीव्ही चालेल. दोन मायक्रो-एचडीएमआय खाचांपैकी विजेच्या खाचेला लागून असलेली वापर, सुरुवातीचा पडदा तिथे हमखास दिसतो. कार्ड काढून वीज दिलीस की बूटलोडरचा माहितीचा पडदा येतो. त्यावर बूटलोडरची तारीख, तो कशावरून चालू व्हायचा प्रयत्न करतोय आणि ड्राइव्ह सापडला की नाही, हे सगळं लिहिलेलं असतं. लोक तो पडदा वाचतच नाहीत, थेट फोन लावतात.

टीव्हीही नसेल तर हिरवा दिवा मोज. चार लहान लुकलुक म्हणजे सुरुवातीची फर्मवेअर फाइल सापडली नाही, सात म्हणजे कर्नल सापडला नाही. दोन लांब आणि एक लहान म्हणजे पार्टिशन फॅट नाही, म्हणजे ड्राइव्हवर इमेज नीट लिहिली गेलेली नाही. अशा वेळी चार्जर बदलत बसण्यात अर्थ नाही, रास्पबेरी पाय इमेजर उघड आणि पुन्हा लिही.

आता विजेकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच पाणी मुरतं.

'मामा, माझा चार्जर ६५ वॉटचा आहे, कमी कसा पडेल?' हा प्रश्न ठरलेला. अगं, ते ६५ वॉट लॅपटॉपसाठी, २० व्होल्टवर. पाय मागतो ५ व्होल्ट, आणि ५ व्होल्टवर बहुतेक चार्जर, कितीही मोठे असोत, ३ अँपिअरच्या वर जात नाहीत. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, भिंग घेऊन वाच. पाय ४ ला ३ अँपिअर पुरतात, पण त्याच्या चारही यूएसबी खाचांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. एसएसडीच्या लेबलवर अँपिअरचा आकडा असतो. कीबोर्ड, माऊस आणि वायफायचा डोंगल तिच्या सोबतीला असतील तर बेरीज तूच कर.

पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा, २७ वॉटचा चार्जर लागतो. साधा ३ अँपिअरचा लावलास तर पाय सगळ्या यूएसबी खाचांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो, आणि यूएसबीवरून बूट करायचं म्हटलं तर पडद्यावर तशी सूचना देऊन चक्क थांबतो. पॉवरचं बटण दाबलं की तेवढ्यापुरता पुढे जातो. ही मर्यादा सेटिंगमधून कायमची उठवता येते, पण चार्जरमध्ये दम नसताना उठवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आज बूट होईल आणि उद्या मोठी फाइल लिहिताना ड्राइव्ह मधूनच गायब होईल. ५ व्होल्टवर ५ अँपिअर देणारा २७ वॉटचा चार्जर घे, विषय संपला.

चार्जर ठीक असूनही केबल दगा देते. लांब आणि बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं. ते साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दाखवतो आणि मनात नोंदही ठेवतो. व्हीसीजेन कमांडला 'गेट थ्रॉटल्ड' विचारलंस की ती नोंद वाचता येते. उत्तर नुसतं शून्य आलं तर सगळं क्षेम. आणखी एक जुनी भानगड: २०१९ मध्ये आलेल्या पहिल्या पाय ४ बोर्डांच्या यूएसबी-सी खाचेत रचनेची चूक होती, त्यामुळे काही महागड्या लॅपटॉपच्या केबली त्यांना वीजच देत नसत. पुढच्या आवृत्तीत ती सुधारली. कुणाचा जुना बोर्ड सेकंडहँड घेतलास तर हे ध्यानात ठेव.

आपल्याकडे विजेचं आणखी एक दुखणं आहे. लाइट जातात, इन्व्हर्टर क्षणभर उशिरा झेप घेतो आणि तेवढ्यात पाय बंद पडतो. पुन्हा चालू होताना फाइल-सिस्टीमची तपासणी चालते, पडदा बराच वेळ हलत नाही, आणि माणसं घाईने पुन्हा वीज तोडतात. तसं करू नकोस. चहा टाक, ओतून पी, मग बघ.

वीज निर्दोष ठरली की दुसरा संशयित. साटा एसएसडी आणि यूएसबी यांच्यामध्ये एक दुभाषा चिप असते, केसिंगमध्ये किंवा केबलच्या जाड टोकात. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एकसारख्या दिसणाऱ्या दोन केबली घेतल्यास तरी आतली चिप वेगळी निघू शकते, बाहेरून कळायला मार्ग नाही. वेगासाठी कर्नल या चिपशी यूएएस नावाच्या पद्धतीने बोलतो. काही चिपा 'मला यूएएस येतं' असं सांगतात आणि भर गर्दीत अडखळतात. बूटलोडर ही पद्धत वापरत नाही, तो जुन्या साध्या रीतीने बोलतो. म्हणून बूटलोडरला ड्राइव्ह दिसतो, कर्नलही उचलला जातो, आणि पुढे सगळं लटकतं. कर्नलच्या नोंदींत 'रीसेट सुपरस्पीड' असे शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागले की चोर सापडला म्हणून समज.

खात्री अशी कर. कार्डावरून पाय चालू कर, एसएसडी निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या खाचेत लाव आणि एलएसयूएसबी ही कमांड चालव. तुझ्या चिपच्या ओळीत कोलनने जोडलेली चार-चार अक्षरांची जोडी दिसेल. १५२डी ने सुरू झाली तर चिप जेमायक्रॉनची, १७४सी ने झाली तर एएसमीडियाची. ही जोडी वहीत लिहून घे. आता त्याच कमांडला वजा चिन्ह आणि टी लावून पुन्हा चालव. झाडासारखी यादी येईल, तिच्यात ड्रायव्हर यूएएस आहे की यूएसबी-स्टोरेज ते कळेल.

यूएएस असेल आणि गडबड चालू असेल तर ते बंद करायचं. एसएसडीच्या बूट पार्टिशनमध्ये सीएमडीलाइन नावाची टेक्स्ट फाइल असते. तिच्यातल्या ओळीच्या अगदी सुरुवातीला यूएसबी-स्टोरेज डॉट क्वर्क्स, बरोबरचं चिन्ह, वहीतली जोडी, कोलन आणि इंग्रजी धाकटा यू, हे सगळं सलग लिहायचं आणि नंतर एक मोकळी जागा सोडायची. एंटर दाबायचं नाही! ती फाइल एकाच ओळीची असते आणि एकाच ओळीची राहिली पाहिजे. दोन ओळी झाल्या तर तू बुचकळ्यात पडशील आणि दोष पुन्हा एसएसडीला देशील. यूएएस बंद केल्यावर वेग थोडा उतरतो, तरी कार्डापेक्षा पुष्कळ जास्तच राहतो.

फाइलला हात लावण्याआधी दोन मिनिटांची एक परीक्षा आहे. एसएसडी निळ्या खाचेतून काढून काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या खाचेत लाव. तिथे सुरळीत बूट झालं तर ड्राइव्ह आणि त्यावरची इमेज दोन्ही ठीक आहेत, दोष निळ्या वाटेवर आहे: केबल, चिप किंवा वीज. एका वेळी एकच गोष्ट बदल, हे मात्र कटाक्षाने पाळ. चार्जर, केबल आणि खाच एकदम बदललीस आणि चालू झालं, तर कशाने झालं हे तुला कधीच कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात तेच नाटक पुन्हा होईल.

बूटलोडरचं आता थोडक्यात. पाय ४ बाजारात आला तेव्हा त्याला यूएसबीवरून बूट होताच येत नव्हतं, ती सोय पक्क्या रूपात सप्टेंबर २०२० मध्ये आली. त्याआधीचा बोर्ड कपाटात पडून असेल तर त्याचा बूटलोडर जुनाच असणार. रास्पबेरी पाय इमेजरच्या बूटलोडर विभागातून एखाद्या फुटकळ कार्डावर यूएसबी बूटचा पर्याय लिही, कार्ड घाल, वीज दे. हिरवा दिवा एका लयीत लुकलुकू लागला आणि पडदा हिरवा झाला की काम फत्ते. जुना पाय ३ बी असेल तर यूएसबी बूटची परवानगी चिपमध्ये एकदाच कोरावी लागते आणि ती पुसता येत नाही. ३ बी प्लसला ती कारखान्यातूनच मिळालेली आहे.

बूटचा क्रम एका आकड्यात असतो, आणि तो उर्दूसारखा उजवीकडून डावीकडे वाचायचा. एफ४१ म्हणजे आधी १, मेमरी कार्ड. मग ४, यूएसबी. मग एफ, पुन्हा पहिल्यापासून. एफ१४ केलंस तर आधी यूएसबी. पाय ५ वर एनव्हीएमईसाठी ६ हा आकडा आहे.

या क्रमामुळे एक गंमतही होते. कार्ड आत विसरलं, क्रमात कार्ड आधी, आणि तू खुशीत की एसएसडीवरून काय झकास चाललंय! एलएसबीएलके चालवून बघ: रूट एसडीए वर असेल तर एसएसडी, एमएमसीबीएलके वर असेल तर कार्ड. कार्डाची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवली असेल तर प्रकरण आणखी गुंततं, कारण दोघांच्या पार्टिशनचा ओळख-क्रमांक एकच होतो. मग कर्नल एकाकडून, रूट दुसऱ्याकडून. अपडेट एकाच ठिकाणी झालं की कर्नल आणि त्याचे मोड्यूल यांचा मेळ बसत नाही, आणि वायफाय नाहीतर कीबोर्ड अचानक रुसतो. नक्कल केलीस की कार्ड बाहेर काढ आणि डबीत ठेव.

आणि कधी कधी पाय व्यवस्थित उठलेला असतो, तुलाच दिसत नाही. यूएसबी ३ च्या केबलीतून निघणारा रेडिओ-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर पडतो. एसएसडी लावली आणि पाय नेटवर्कवरून गायब झाला, तर आधी लॅनची केबल जोडून बघ किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा. शिवाय एप्रिल २०२२ पासून 'पाय' नावाचा आयता वापरकर्ता मिळत नाही. इमेज लिहितानाच नाव, पासवर्ड आणि एसएसएच भरलं नाहीस तर दारावर कितीही थापा मार, आतून कुणी उघडणार नाही.

एवढं करूनही अडलं तर मला खुशाल फोन कर. पण आधी हाताशी ठेव: बोर्डाचं मॉडेल, बूटलोडरची तारीख, वहीतली ती चार-चार अक्षरांची जोडी, चार्जरच्या पाठीवरचे आकडे आणि थांबलेल्या पडद्याचा फोटो. फोटो सरळ काढ, शेवटची ओळ वाचता आली पाहिजे.