त्रैक्य आणि मूर्तिकार

शास्त्रपाठ : मत्तय ३:१३-१७, अनुवाद ४:१५-१९

ग्वाल्हेरच्या हजीरा भागात एका घरी प्रार्थनेनंतर गोव्याच्या सहलीचे फोटो पाहणे चालले होते. जुन्या गोव्यातील बॉम जेझस मंदिराची मुख्य वेदी आली. (हे मंदिर १६०५ साली समर्पित झाले.) वेदीवर संत इग्नेशियस यांचा भव्य पुतळा, त्यावर येशूच्या नामाक्षरांचे तेजोवलय, आणि सर्वांत वर पिता, पुत्र व पवित्र आत्मा. शब्बाथ शाळेतला एक मुलगा म्हणाला, "काका, म्हणजे आपले देव तीन? शेजारच्या आजींकडे दत्त आहे, तसेच ना?" घरात कोणी बोलेना. आम्हालाही चटकन उत्तर सुचले नाही.

कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. अशा शिल्पांत पिता शुभ्र केसांचा वृद्ध असतो, तो दानीएलाच्या सातव्या अध्यायातील दर्शनावरून. आत्मा कबुतराच्या रूपात असतो, तो यार्देनेच्या प्रसंगावरून. पण दर्शनातले रूप दगडात किंवा लाकडात आले की पाहणाऱ्याला ते देवाचे शरीरच वाटू लागते. चौथ्या शतकातील रोमच्या एका शवपेटीवर हव्वेच्या निर्मितीच्या वेळी तीन दाढीवाले पुरुष कोरले आहेत. पुढे युरोपात एका मस्तकाला तीन तोंडे असलेल्या प्रतिमाही झाल्या. त्यांवर पोप आठवे अर्बन यांनी १६२८ साली बंदी घातली. पुढे १७४५ साली चौदावे बेनेडिक्ट यांनी आत्म्याला तरुण पुरुषाच्या रूपात दाखवण्यास मनाई केली. म्हणजे मूर्ती मानणाऱ्या मंडळीलाही ही अडचण जाणवली होती. ती केवळ आम्हा प्रॉटेस्टंटांची कुरकुर नव्हे.

तीन पुतळे शेजारी बसवले की तीन देव वाटतात. तीन तोंडे एकत्र केली की एकच देव तीन सोंगे घेतो असे वाटते. मंडळीने या दोन्ही चुका आरंभापासून नाकारल्या आहेत. पुत्र यार्देनेच्या पाण्यात उभा असताना पित्याची वाणी आकाशातून येते. तो स्वतःशीच बोलत नाही. तरी मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात बाप्तिस्मा द्यायचा तो एकाच नावाने. तेथे 'नाव' हा शब्द एकवचनी आहे.

शिक्षकांनी हा पाठ घेताना मुलांना बाप्तिस्म्याचे चित्र जरूर काढू द्यावे. पाणी, योहान, येशू, उतरणारे कबूतर, सारे काढावे. पित्याचे काय, असे ती विचारतील. त्या वेळी वचन पुन्हा वाचून तेथे कोणाला काय दिसले आणि काय केवळ ऐकू आले, हे त्यांनाच शोधू द्यावे.