‘वुड रादर’ : पसंती आणि भूतकाळाचे रूप

मागील उपघटकात आपण ‘इफ’ने सुरू होणाऱ्या संकेतार्थी वाक्यांचा अभ्यास केला. जे घडलेले नाही किंवा घडत नाही, त्याविषयीची पसंती इंग्रजीत कशी व्यक्त होते, ते आता पाहू.

पसंती स्वतःच्याच कृतीविषयी असेल, तर फारसे कठीण नाही. ‘आय वुड रादर वॉक’ म्हणजे ‘मी चालत जाणेच पसंत करीन’. ‘रादर’नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते, ‘टू’ येत नाही.

खरी अडचण दुसऱ्याच्या कृतीविषयी बोलताना येते. ‘आय वुड रादर यू केम टुमॉरो’ या वाक्यात ‘केम’ हे रूप भूतकाळाचे, तर ‘टुमॉरो’ म्हणजे उद्या! मात्र मराठी भाषकाने येथे बिचकण्याचे कारण नाही. ‘तुम्ही उद्या आलात तर बरे’ असे आपण रोजच म्हणतो. तेथेही ‘आलात’ हे रूप ‘उद्या’शी सुखाने नांदते. अशा वेळी हे रूप काळ दाखवीत नाही. बोलणारा वास्तवापासून किंचित अंतर राखून बोलत आहे, एवढेच ते सुचविते. त्या अंतरामुळे आज्ञेचा कठोरपणाही कमी होतो.

‘आय वुड रादर यू डिडन्ट स्मोक हिअर’ याचे भाषांतर ‘तुम्ही येथे धूम्रपान केले नाही’ असे करण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. समोरची व्यक्ती धूम्रपान करीत आहे, किंवा करण्याच्या बेतात आहे.

गोष्ट होऊन गेली असल्यास पूर्ण भूतकाळ योजावा. ‘आय वुड रादर यू हॅड टोल्ड मी’ म्हणजे ‘तुम्ही मला सांगितले असते तर बरे झाले असते’. सांगितले नाही, हा ठपका येथे न उच्चारताही पोहोचतो; म्हणून कार्यालयीन पत्रात ही रचना जपून वापरावी.

‘प्रेफर’चा नियम वेगळा आहे. ‘आय वुड प्रेफर यू टू कम टुमॉरो’ येथे ‘टू’ आवश्यक असून भूतकाळाचे रूप येत नाही. मात्र ‘आय वुड प्रेफर इट इफ’ अशी सुरुवात केल्यास पुढे पुन्हा ‘यू केम’ येते.

स्वाध्याय : ‘शी वुड रादर यू पेड हर नाऊ’ या वाक्यातील स्त्रीला पैसे मिळाले आहेत काय? उत्तर सकारण लिहा. ‘नाऊ’ काढून ‘पेड’ऐवजी ‘हॅड पेड’ घातल्यास अर्थात कोणता फरक पडतो?