पृष्ठभाग वाचणाऱ्या शास्त्रज्ञ : डॉ. सुलभा कुलकर्णी



पोषण आहाराची स्टीलची ताटली रोज धुतली तरी गंजत नाही, शेतातला विळा मात्र एका पावसाळ्यात तांबडा होतो. दोन्हींत लोखंडच, मग फरक कुठे? वर्गात विचारलं की मुलं म्हणतात, "स्टील भारी असतं!" खरं उत्तर ताटलीच्या पृष्ठभागावर आहे. स्टीलमधल्या क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. तोच आतलं लोखंड सांभाळतो.

इतका पातळ थर तपासायचा कसा? वस्तूवर क्ष-किरण सोडतात. त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांची ऊर्जा मोजली की वर कोणती मूलद्रव्ये आहेत ते कळतं. खोलवरचे इलेक्ट्रॉन वाटेतच अडखळतात, त्यामुळे माहिती मिळते ती फक्त वरच्या सुमारे १० नॅनोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण दहा हजाराव्या भागाची! हवेचे कण वर बसू नयेत म्हणून हे सगळं निर्वात पेटीत करतात. जर्मनीत राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. त्यांच्या आधारे हे तंत्र घडवणारे स्वीडनचे काई सीगबान यांना १९८१ चे नोबेल मिळाले. २००७ मध्ये जर्मनीचे गेरहार्ड एर्टल यांना पृष्ठभागांवरील रासायनिक क्रियांच्या अभ्यासासाठी नोबेल मिळाले.

हेच शास्त्र आपल्या पुण्यात रुजवणाऱ्यांपैकी एक म्हणजे डॉ. सुलभा कुलकर्णी. पुणे विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएच.डी. केल्यावर त्या पुढील संशोधनासाठी जर्मनीत म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात गेल्या. परत येऊन पुणे विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन व संशोधन केले, पुढे पुण्याच्याच 'आयसर'मध्येही काम केले. पृष्ठभागाकडून त्या नॅनोकणांकडे वळल्या. हे वळण सरळच आहे. कण जितका बारीक, तितका त्याचा जास्त भाग पृष्ठभागावर येतो.

वर्गात करून बघा
१. काळवंडलेला तांब्याचा तांब्या घ्या. अर्धा भाग चिंचेने घासा. विचारा : आतलं तांबं बदललं की फक्त वरचा थर गेला?
२. सारख्या वजनाचा गुळाचा खडा आणि किसलेला गूळ वेगवेगळ्या पेल्यांत, सारख्याच पाण्यात टाका. आधी कोणता विरघळतो? का?

उत्तर आधी सांगू नका. मुलांना भांडू द्या, अंदाज बांधू द्या.

पालकांना एक विनंती. आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर मुलगी सातवी-आठवीत गेली की "आता बास झालं शिक्षण" असं काही घरांत सुरू होतं. शाळा लांब, एसटीची वेळ धड नाही, पैशाची ओढाताण. अडचणी खऱ्या आहेत, मान्य. पण भांडी घासताना "चिंचेनेच का निघतं?" असं विचारणारी मुलगी विज्ञानाचाच प्रश्न विचारत असते. तिला गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर तिला म्हणा, "उद्या बाईंना विचार." आणि उद्या तिला शाळेत पाठवा.