मीजान, हिमा आणि आपला डोंगर

गेल्या पावसाळ्यापूर्वी जुम्याच्या नमाजनंतर माणगाव परिसरातील एका बंधूंनी मला विचारले, "मौलाना, डोंगरउतारावरची जमीन माझ्याच मालकीची आहे. तिथली माती भरावासाठी विकली तर ती कमाई हलाल ठरेल ना?" मी तत्काळ 'हो' म्हणालो. घरी परतताना मात्र तळिये आठवले आणि उत्तर देण्यात घाई झाल्याची खंत वाटली. त्या उत्तराची दुरुस्ती म्हणून हा लेख.

२२ जुलै २०२१ रोजी शेजारच्या महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक जीव गेले. अतिवृष्टीत उतारावरची माती पाण्याने जड होते आणि तिची पकड सुटते. असा उतार पायथ्याशी खोदला तर त्याचा आधार जातो. झाडे तोडली तर मुळांची वीण जाते. प्रत्येक दरड माणसामुळेच कोसळते असे नाही. परंतु कमकुवत उतार अधिक कमकुवत न करणे नक्कीच आपल्या हाती आहे.

जे डोंगराचे, तेच पृथ्वीचे. २००९ मध्ये योहान रॉकस्ट्रॉम व त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी हवामान, जैवविविधता, गोडे पाणी, जमिनीचा वापर अशा नऊ मर्यादा मांडल्या. २०२३ च्या अभ्यासानुसार त्यांपैकी सहा ओलांडल्या गेल्या आहेत. सूरह रहमानमध्ये आकाशाच्या उंचीबरोबरच मीजानचा, म्हणजे तोलाचा उल्लेख येतो आणि त्या तोलात अतिरेक करण्यास मनाई केली जाते. अल्लाह तआलाने सृष्टी मापाने निर्माण केली आहे, हे मानणाऱ्याला मर्यादा ही कल्पना परकी वाटू नये.

प्रश्न उरतो तो धोरणाचा. डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर सुचवले आणि निर्णयात ग्रामसभांना स्थान मागितले. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या गटाने २०१३ मध्ये हे क्षेत्र सुमारे ३७ टक्क्यांवर आणले. त्यानंतर अधिसूचनेचे मसुदेच निघत राहिले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, ५६,८२५ चौरस किलोमीटरचा. 'आता घरही दुरुस्त करता येणार नाही' ही भीती गावोगावी पसरली. वास्तविक मसुद्यातील बंदी खाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प, अतिप्रदूषक उद्योग आणि २०,००० चौरस मीटर व त्यावरील बांधकामांवर आहे. राहत्या घराच्या दुरुस्तीवर नाही.

तरीही गरिबाची भीती हसण्यावारी नेऊ नये. इस्लामपूर्व अरबस्तानात टोळीप्रमुख उत्तम कुरणे स्वतःसाठी राखून ठेवत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती प्रथा बंद केली आणि 'हिमा', म्हणजे राखीव क्षेत्र, केवळ सार्वजनिक हितासाठी ठेवले. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी हिमावर हुनैय यांना नेमले, तेव्हा त्यांना बजावले की, थोडी जनावरे असलेल्याला आत येऊ द्यावे, इब्ने औफ आणि इब्ने अफ्फान यांच्यासारख्या संपन्नांचे कळप मात्र बाहेर ठेवावेत. संपन्नांची जनावरे मेली तरी त्यांच्यापाशी शेती आणि खजुरीच्या बागा आहेत. गरिबाची मेली तर तो मुलाबाळांसह दाराशी येईल, हे त्यामागचे कारण. ही घटना सहीह बुखारीत आहे. मर्यादा आवश्यक आहे. पण तिचा पहिला भार समर्थाने उचलावा, हा त्यातील धडा.

आता त्या बंधूंच्या प्रश्नाकडे. मालकी ही अमानत आहे. दुसऱ्याला इजा पोहोचवू नये, या नबवी तत्त्वापुढे मालकीचा हक्क थांबतो. म्हणूनच फकीहांनी विहिरीभोवतीच्या 'हरीम'मध्ये दुसऱ्याने खोदण्यास मज्जाव केला. ज्या उताराखाली वस्ती, वाट किंवा झरा आहे, तिथली माती विकणे जायज नाही, असे माझे नम्र मत आहे. गौण खनिजासाठी महसूल खात्याची परवानगी लागतेच. परंतु परवाना मिळाला म्हणून इजा संपत नाही.

हा दोष एकट्या विक्रेत्याचा नाही. आमच्या मशिदीच्या आवारात भराव पडला, तेव्हा माती कुठली हे आम्हीही विचारले नव्हते. आखाताच्या कमाईवर घर बांधणाऱ्या कुटुंबांनी, मशिदीच्या विश्वस्तांनी आणि आपण सर्वांनी यापुढे तो प्रश्न आधी विचारावा. आपले गाव मसुद्याच्या यादीत आहे का, ते पाहावे. ग्रामसभेत मौन न बाळगता माहिती घेऊन बोलावे. त्या बंधूंना मी पुन्हा भेटलो आणि चूक कबूल केली. त्यांनी व्यवहार थांबवला आहे. वरच्या बाजूला झाडे लावण्याचाही त्यांचा विचार आहे.

अल्लाह तआला आपल्याला तोल राखण्याची तौफीक देवो. आमीन.