ज्वालामुखीच्या उद्यानांत एक दिवस

सहल म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें शिदोरी, गाणीं आणि मोटारीच्या खिडकीजवळची जागा हीं प्रथम उभीं राहतात. केव्हां निघावें, कोणत्या वाटेनें जावें, कोठें किती वेळ थांबावें, हा विचार वडील माणसांनीं करावा आणि आपण नुसतें मोटारींत बसावें, अशी आपली समजूत असते. वस्तुतः सहलीची आखणी हा भूगोल, गणित आणि व्यवहारज्ञान या तिहींचा एकत्र धडा आहे. तो एका खऱ्या स्थळाच्या आधारें या लेखांत मांडावा, असें आम्हीं योजिलें आहे.

तें स्थळ म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया प्रांताच्या उत्तर भागांत असलेलें लॅसेन ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यान होय. इतक्या दूरचें स्थळ कां निवडलें, असें कोणी विचारील. त्याचीं कारणें दोन. आज पुष्कळ मराठी कुटुंबें कॅलिफोर्नियांत राहतात. आपल्यापैकीं कोणाचे काका, मामा किंवा वडील बंधु तेथें असतील, आणि कधीं तरी आपणांसहि तेथें जाण्याचा योग येईल. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. साधारण सहलींत आखणी चुकली तर वेळ वाया जातो. या प्रदेशांत ती चुकली तर हातपाय आणि प्रसंगीं प्राणहि गमवावे लागतात.

स्थळाची ओळख

लॅसेन शिखर १०,४५७ फूट उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. ३० मे १९१४ रोजीं तें जागें झालें. जून महिन्यांत कांहीं जिज्ञासु लोक विवर पाहण्यासाठीं वर चढले असतां अकस्मात् स्फोट झाला, आणि उडालेल्या दगडानें एकास जबर जखम झाली. सुदैवानें तो वांचला. पुढील वर्षीं, १९ मे १९१५ च्या रात्रीं, तप्त खडकांचा लोंढा शिखरावरील बर्फावर कोसळला. बर्फ वितळून चिखलाचा पूर झाला आणि तो हॅट क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यांत शिरला. तेथील घरें बहुतेक रिकामीं होतीं. जे थोडे लोक होते ते किरकोळ दुखापतीवर निभावले. तीन दिवसांनीं, २२ मे रोजीं, सर्वांत मोठा स्फोट झाला. राखेचा स्तंभ ३०,००० फुटांहून उंच गेला, आणि राख २०० मैलांहून दूर जाऊन पडली. ९ ऑगस्ट १९१६ रोजीं या प्रदेशास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यांत आला.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणहि ज्वालामुखीच्याच रसाचा आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं तो जमिनीच्या भेगांतून बाहेर आला. मग सह्याद्रीचे माथे सपाट व पायऱ्यापायऱ्यांचे, आणि लॅसेन मात्र घुमटासारखें, असें कां? ताटांत ताक ओतलें तर तें कडेपर्यंत पसरतें. पिठाचा घट्ट गोळा ठेवला तर तो जागच्या जागीं बसतो. दख्खनचा रस पातळ होता, म्हणून तो थरांवर थर देत शेंकडों मैल पसरला. लॅसेनचा रस घट्ट होता, म्हणून तो आपल्याच मुखावर बुचासारखा बसला. घट्ट रसांत वायु कोंडून राहतो आणि मग मोठा स्फोट होतो. एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील सर्व देखावे समजतील.

आतां आखणीकडे वळूं. कोणत्याहि सहलीच्या आरंभीं पांच प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न : केव्हां जावें?

याचें उत्तर आपली सुटी देत नाहीं, बर्फ देतो. उद्यानांतून जाणारा रस्ता एके ठिकाणीं ८,५१२ फुटांवर चढतो. हिंवाळ्यांत तेथें दोन-तीन पुरुष उंचीचा बर्फ सांचतो, आणि रस्त्याचा बराचसा भाग बंद असतो. वसंतऋतूंत यंत्रांनीं बर्फ काढण्यास आरंभ होतो, तरी रस्ता कधीं मे महिन्याच्या अखेरीस, कधीं जूनमध्यें, तर कधीं जुलैमध्यें खुला होतो. कांहीं पायवाटा त्याहून उशिरां मोकळ्या होतात. याकरितां जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंतचा काळ उत्तम.

मात्र उन्हाळ्याच्या अखेरीस वणव्यांचें भय असतें. १९२१ सालापर्यंत येथें पर्वताची धास्ती होती; बरोबर शंभर वर्षांनीं, १९२१ नंतर २०२१ सालीं, डिक्सी नांवाच्या वणव्यानें उद्यानाच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भागास झळ पोंचविली. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशीं उद्यानाच्या कचेरीकडून रस्त्याची व हवेची बातमी घेणें हें आखणीचें पहिलें कलम समजावें.

दुसरा प्रश्न : कोठून निघावें?

सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या परिसरांत राहणाऱ्यांस उद्यान दोनशें मैलांहून दूर पडतें. एकाच दिवसांत जाऊन येण्याचा हट्ट धरला तर आठ तासांहून अधिक काळ मोटार हांकण्यांतच जाईल. थकलेला चालक आणि अंधारांतील घाटरस्ता यांची गांठ पडूं देणें शहाणपणाचें नव्हे. आदल्या रात्रीं रेडिंग या गांवीं मुक्काम करावा. खरी एक दिवसाची सहल तेथून सुरू होते. पेट्रोलची टाकी रात्रींच भरून ठेवावी, व जेवण आणि पुष्कळ पाणी बरोबर घ्यावें.

तिसरा प्रश्न : कोणत्या दिशेनें जावें?

उद्यानाचा मुख्य रस्ता ३० मैलांचा आहे. त्याचें एक प्रवेशद्वार नैर्ऋत्येस आणि दुसरें वायव्येस, मॅन्झानिटा सरोवरापाशीं आहे. रेडिंगहून वायव्येचें दार सुमारें ५० मैल. रेड ब्लफ गांव ३० मैल, आणि तेथून नैर्ऋत्येचें दार पुन्हां सुमारें ५० मैल. सरोवराकडून आरंभ करणें जवळचें दिसतें. तथापि आम्ही उलट दिशा सुचवितों. लांब चालण्याची वाट दक्षिण भागांत असून उन्हाळ्यांत डोंगरावर दुपारनंतर विजांसह वादळें होण्याचा संभव असतो. म्हणून उंचावरील चाल सकाळींच आटोपावी. शिवाय सरोवर शिखराच्या वायव्येस असल्यामुळें दुपारच्या उन्हांत शिखर पूर्ण उजळतें आणि वारा नसल्यास पाण्यांत त्याचें प्रतिबिंब दिसतें. सकाळीं तीच बाजू सांवलींत असते.

आतां हिशेब करूं. रेडिंग ते रेड ब्लफ अर्धा तास, तेथून दारापर्यंत सव्वा तास, उद्यानांतील रस्ता एक तास, आणि परतीस एक तास. एकूण पावणेचार तास. सकाळीं साडेसहास निघून सायंकाळीं साडेसहास परतावयाचें तर बारा तास हातीं येतात. उरले सव्वाआठ. ते कसे वांटावे?

चौथा प्रश्न : काय पाहावें आणि काय सोडावें?

पहिला मुक्काम सल्फर वर्क्स. येथें रस्त्याच्या अगदीं कडेस चिखल रटरट उकळतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. कोणे एके काळीं येथें लॅसेनहूनहि मोठा ज्वालामुखी होता. तो झिजून गेला, आणि त्याच्या कडेचा अवशेष ब्रोकऑफ हें शिखर होय. येथें अर्धा तास पुरे.

दुसरा मुक्काम ‘बम्पासचा नरक’. जाऊन येऊन तीन मैलांची पायवाट आहे. तिला अडीच तास द्यावे. सोळा एकरांच्या या खळग्यांत वाफेचे झोत, उकळतीं डबकीं आणि पिवळी-पांढरी माती दिसते. तेथील एका वाफेच्या मुखाचें उष्णतामान १९८८ सालीं ३२२ अंश फॅरनहाइट मोजलें गेलें. त्यानंतर हेलन सरोवराच्या कांठीं भोजन व विश्रांति यांसाठीं एक तास.

चौथा मुक्काम ‘उध्वस्त प्रदेश’. १९१५ सालच्या लोंढ्यानें येथील अरण्य पुसून टाकिलें. अर्ध्या मैलाच्या सोप्या वाटेनें फिरतां येतें. एक तास पुरतो. पर्वतावरून आलेले खडक आणि त्यांच्यामध्यें नव्यानें वाढलेलीं झाडें एकत्र दिसतात. शेवटचा मुक्काम मॅन्झानिटा सरोवर. त्यास दोन तास. सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वीं डोंगराचा कडा कोसळून ओढा अडला व हें सरोवर झालें. जवळच १९२७ सालीं बांधलेलें लूमिस संग्रहालय आहे. बेंजामिन लूमिस यांनीं १९१४ च्या जूनमध्यें स्फोटाचीं क्रमवार छायाचित्रें घेतलीं होतीं. दिवसभर जागा पाहून मग तीं पाहिलीं म्हणजे त्यांचा अर्थ कळतो.

या सर्वांस सात तास लागले. सव्वा तास शिल्लक राहिला. तो राखीव ठेवावा. कोणाचें डोकें दुखेल, चाकांतील हवा जाईल, रस्त्यावर काम चालू असेल. त्यासाठीं तो आहे. ‘अजून एक जागा पाहूं’ म्हणून तो आधींच खर्चूं नये.

लॅसेन शिखराची चढण जाऊन येऊन पांच मैलांची असून तिला चार-पांच तास लागतात. ती या दिवसांत बसत नाहीं. राखेचा प्रसिद्ध शंकु उद्यानाच्या ईशान्य कोपऱ्यांत असून त्याची वाट निराळी आहे, तोहि सोडावा. सोडण्याची यादी लिहून ठेविली म्हणजे ऐन वेळीं वाद होत नाहीं.

पांचवा प्रश्न : कशापासून जपावें?

रेडिंग समुद्रसपाटीपासून सुमारें ५०० फूट उंच. तेथून आपण एका सकाळींच ८,००० फूट वर जातों. वर हवा विरळ असते. दम लागतो व डोकें दुखतें. सावकाश चालावें व वारंवार पाणी प्यावें. हृदयविकाराच्या माणसांनीं आधीं वैद्यांचा सल्ला घ्यावा. खालीं उन्हाळ्यांत १०० अंशांहून अधिक उकाडा असला तरी वर गार वारा असतो. म्हणून प्रत्येकाजवळ गरम कपडा हवा. मोबाइलचा संपर्क बहुतेक ठिकाणीं मिळत नाहीं. यास्तव कागदी नकाशा जवळ ठेवावा आणि आपण केव्हां परतणार हें मागें राहिलेल्या कोणास तरी सांगून जावें.

सर्वांत मोठें भय मात्र पायांखालीं आहे. बम्पास हा एकोणिसाव्या शतकांतील एक वसाहतवाला. ही जागा त्याला कोणाहूनहि अधिक परिचयाची होती. दुसऱ्यांना ती दाखविणारा वाटाड्याच तो होता. असें असतां वरचा पातळ पापुद्रा मोडून त्याचा पाय खालच्या उकळत्या चिखलांत गेला, आणि अखेर तो पाय कापावा लागला. पापुद्रा वरून कोरडा व घट्ट दिसतो. तो किती जाड आहे हें नुसत्या डोळ्यांस कळत नाहीं. म्हणून फळ्यांची जी वाट बांधली आहे ती सोडून एक पाऊलहि बाहेर टाकूं नये.

पालकांस येथें एक विशेष सूचना करावीशी वाटते. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत आपण श्रद्धेनें स्नान करतों. ऊन पाणी दिसलें कीं त्यांत हात घालावा, ही आपल्या मुलांची संवय असते. या उद्यानांतील उकळत्या डबक्यांत बोट बुडविणेंहि घातक आहे. त्यांत पुष्कळ ठिकाणीं आम्लहि असतें. लहान मुलांचा हात फळ्यांच्या वाटेवर क्षणभरहि सोडूं नये, आणि हें मोटारींतून उतरण्यापूर्वींच मुलांना समजावून सांगावें.

विद्यार्थ्यांसाठीं अभ्यास

वरील पांच प्रश्न कोणत्याहि सहलीस लागू पडतात. विद्यार्थीमित्रहो, येत्या सुटींत आपल्या गांवापासून एका दिवसांत होण्याजोगें एखादें स्थळ निवडा. लोणार, वेरूळ, किंवा जवळचा एखादा किल्लाहि चालेल. मैल मोजा, तास मांडा, सोडावयाच्या जागांची यादी करा आणि राखीव वेळ निराळा काढा. त्या ठिकाणचें भय कशांत आहे, पाण्यांत, कड्यांत कीं उन्हांत, हें जाणत्यांस विचारून लिहा. मग तो कागद वडिलांपुढें ठेवा. त्यांनीं तो मान्य केला तर खिडकीजवळची जागा मागण्याचा तुमचा हक्क पक्का झाला, असें आम्ही समजतों.