बाहियाला काय दिसलं?

प्रश्न : बुद्धपौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तूपावर भन्तेजींकडून बाहियाची गोष्ट ऐकली. जे दिसेल ते नुसतं दिसू द्यावं, एवढ्या उपदेशावर तो मुक्त झाला म्हणे. नुसतं बघून कोणी मुक्त कसं होईल? आणि हा स्तूप त्याचाच का?
– एक वाचक, नालासोपारा

उत्तर : आधी स्तूपाचं. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केलेला तुमच्याकडचा स्तूप बाहियाचा नव्हे. बाहिय राहायचा सोपाऱ्यात, पण वारला श्रावस्तीत. त्याचं दहन करून स्तूप बांधायला बुद्धांनी भिक्खूंना तिकडेच सांगितलं, असं ‘उदान’ या ग्रंथात आहे.

झाडाच्या सालीची वस्त्रं नेसणाऱ्या बाहियाला सोपाऱ्यात मोठा मान होता. आपण खरोखर अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, आहोत का, असा प्रश्न त्याला पडला. तसं नाही, हे कळल्यावर तो बुद्धांचा उपदेश ऐकायला श्रावस्तीला गेला. बुद्ध भिक्षेसाठी निघाले होते. ही वेळ नव्हे, असं त्यांनी दोनदा सांगितलं, पण बाहिय हटेना. आयुष्याचा भरवसा काय, हे त्याचं म्हणणं. तेव्हा रस्त्यातच त्यांनी उपदेश केला.

काही दिसल्यानंतर मनात काय घडतं, त्याविषयी तो उपदेश आहे. समजा, शेजारी रात्री मोठ्याने गाणी लावतो. आवाज कानावर पडला, नकोसा वाटला. इथवर फक्त कान, आवाज आणि वेदना, म्हणजे बरं-वाईट वाटणं. लगेच मन जोडू लागतं : हा मुद्दाम करतो, याच्या लेखी मला किंमतच नाही, गेल्या गणपतीतही असंच केलं होतं. गाणी थांबतात, तरी झोप येत नाही. ‘मज्झिम निकाया’तल्या मधुपिंडिक सुत्तात ही साखळी उलगडली आहे : इंद्रिय आणि विषय भेटले की विज्ञान (म्हणजे जाणीव), तिघांचा मेळ म्हणजे स्पर्श, मग वेदना, संज्ञा (ओळख), वितर्क (विचार) आणि शेवटी प्रपंच, म्हणजे मनाने मांडलेला पसारा. माझ्या समजुतीप्रमाणे सगळी मेख इथे आहे. आवाज ऐकणारा कोणी ‘मी’ आत आधीपासून बसलेला नसतो. ‘हवं’ आणि ‘नको’ची तृष्णा त्याला दर वेळी नव्याने उभं करते. पाहणं-ऐकणं तेवढ्यावरच राहिलं तर तिथे ‘तू’ उरत नाहीस आणि दुःखही संपतं, असं बुद्धांनी बाहियाला समजावलं.

याचा अर्थ माणसाने दगड व्हायचं, असा मुळीच नाही. खुद्द बुद्धांची पाठ दुखायची. पाठ टेकता यावी म्हणून त्यांनी प्रवचन शिष्य सारिपुत्तांवर सोपवल्याची नोंद ‘दीघ निकाया’त आहे. वेदना होती, तिच्याशी भांडण नव्हतं.

मात्र बाहिय अपवाद होता. झटकन ज्ञान होणाऱ्या भिक्खूंत बुद्धांनी त्याला अग्रस्थान दिलं. बाकीच्यांसाठी अष्टांगिक मार्ग आहे आणि त्याला वेळ द्यावा लागतो. करून पाहायचं असेल तर इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर असतं. तिथे पुढेपुढे तासभर न हलता बसायला सांगतात. गुडघा ठणकू लागला की दुखणं वेगळं आणि पाय सोडवण्याची तगमग वेगळी, हे स्वच्छ कळू लागतं. शिबिराला शुल्क नाही, पण नाव आधी नोंदवावं लागतं.